तीन काचांचा फोटो

काही दाखवा म्हटलं की ते आधी तळहात पुढे करायचे. “दम धरा. उजेड गोळा व्हायलाय.”

वाळूजच्या कारखान्यात ते सुट्या भागांची मापं तपासायचे आणि मी शेजारच्या टेबलावर असायचो. असा माणूस तुमच्याही खात्यात असेल. डबा उघडल्यावर भाकरीचीही जाडी नजरेनं मोजणारा. एकदा त्यांनी दुर्बिणीला लावायचा कॅमेरा आणून टेबलावर ठेवला. मुठीत मावेल एवढासा डबा.

“पासपोर्टचे फोटो निघतील का?” कुणीतरी विचारलं.

“काळा-पांढराच निघंल.”

सगळे हसले. मला मात्र राहवेना. या जमान्यात काळा-पांढरा कशाला? मग त्यांनी चहा बाजूला सारून समजावलं. या कॅमेऱ्याला रंग कळत नाही, नुसता उजेड कळतो. म्हणून त्याच्यापुढे लाल, हिरवी, निळी अशी एकेक काच लावायची, तेच तेच तीनदा टिपायचं आणि तिन्ही फोटो एकावर एक ठेवायचे, की रंगीत फोटो होतो. “एकेक रंग निवांत बघतो बिचारा,” ते म्हणाले.

त्यांना मृग नक्षत्रातला धुरकट डाग, म्हणजे तिथला तेजोमेघ, टिपायचा होता. त्यांचे वडील, अण्णा, मेंढरं राखायचे. रानात उघड्यावर निजताना अण्णांनीच तो लहानपणी बोटानं दाखवला होता. आता अण्णांची नजर दिवसेंदिवस जात होती. ती पुरती जायच्या आत त्यांना तो मोठा, रंगीत करून दाखवायचा होता. शहरातल्या गच्चीवरून काही जमेना. चहूकडे नव्या इमारती, आकाश दुधाळ.

म्हणून मार्चच्या अमावास्येला आम्ही लासूर स्टेशनजवळ त्यांच्या वस्तीवर गेलो. दुष्काळामुळे आभाळ लख्ख होतं आणि त्याचा आनंद झाल्याची मला लाजही वाटली. सात घरांनी त्यांना शब्द देऊन दिवे मालवले. “पोरगं उजेड गोळा करायलंय, बल्ब बंद करा गं,” शेजारची म्हातारी ओरडली. पोरगं सत्तावन्न वर्षांचं होतं.

लाल झाला. हिरवा झाला. निळी काच लावली आणि हॉर्न वाजला. पाच दिवसांनी टँकर आला होता.

बायका हंडे घेऊन अंधारातच धावल्या. कुणीतरी ठेचकाळलं, भरलेला हंडा लवंडला, तरी एकाही घरात दिवा लागेना. शब्द दिला होता ना! मी निळा उरकायला कॅमेऱ्याकडे वळलो, तर त्यांनी तळहात पुढे केला. “ऱ्हाऊ द्या.” स्वतः जाऊन त्यांनी अंगणातला मोठा दिवा लावला आणि टँकरचा पाइप धरून उभे राहिले. टँकर गेला तोवर मृग पार खाली उतरला होता. पुढच्या अमावास्येला तो अंधार पडतानाच मावळतीला टेकणार होता आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत अण्णांची नजर थांबणार नव्हती.

दोन रंगांचाच फोटो त्यांनी अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी तो नाकाला लावून पाहिला.

“पिवळा का रं दिसतो?”

“निळा राहिला, अण्णा. टँकर आला व्हता.”

“मग बरं झालं.”

अण्णा गेले, नंतर तेही गेले. फोटो आता माझ्या भिंतीवर आहे. येणारा प्रत्येक जण विचारतो, हा असा पिवळा का? मी सांगतो, त्या दिवशी टँकर आला होता.