सेल्फवाला उत्तम

विमलवहिनींचा फोन आला तेव्हा मी शाळेत हजेरीपटावर सह्या करत होतो. "मास्तर, तुमचे दोस्त गेले," एवढंच त्या म्हणाल्या. कोणते, असं मी विचारलं नाही. मला दोस्त एकच होता, आणि त्याला मी बारा वर्षं भेटलो नव्हतो. भांडण नाही, तंटा नाही... नुसता गेलो नाही. आता महिना उलटला. उत्तमबद्दल लिहायला बसलोय खरा, पण त्याचं कौतुक करता करता माझीच लाज निघणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

आम्ही दोघं जैनथकडच्या एकाच गावचे. दोघांचेही वडील एकाच पाटलाच्या कापसात राबले. मी शिकून मास्तर झालो. उत्तमचं डोकं पुस्तकात कधी रमलं नाही. तो आदिलाबादला एका उस्तादाच्या हाताखाली राहिला आणि पुढे मावल्याच्या रस्त्याला त्याने स्वतःचं दुकान टाकलं. जीप, ट्रॅक्टर, डिझेलचे ऑटो, गाडी कुठलीही असो, तो दुरुस्त करायचा एकच वस्तू: इंजिन सुरू करणारी छोटी मोटर. तिला आमच्याकडे सगळे सेल्फच म्हणतात. शाळा सुटली की मी रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसायचो. एकदा मी सहज विचारलं, की एवढ्याशा मोटरचं एवढं काय कौतुक? तर हातातलं काम टाकून त्याने माझी शिकवणीच घेतली. "मास्तर, डिझेलचं इंजिन आपल्या मनानं उठत नाही. त्याच्यात ठिणगी नसते. आतली हवा दाबली का तापते, अन् त्या तापलेल्या हवेत डिझेल पेटते. पण हवा दाबाले इंजिन आधी कोणीतरी फिरवा लागते ना? ते काम याचं." मग एक सेल्फ उघडून त्याने सगळं दाखवलं. चावी फिरवली की आधी आतलं चुंबक ओढतं. ते एक लहान दातेरी चाक पुढे ढकलून इंजिनाच्या मोठ्या चाकाच्या दात्यांत अडकवतं आणि त्याच दमात बॅटरीचा सगळा जोर मोटरला जोडून देतं. मोटर मोठ्या चाकाला फिरवते, इंजिन धरतं, आणि इंजिनाने धरलं की लहान चाकाने मुकाट्याने मागे यायचं. नाही आलं, तर इंजिनच मोटरला गरगरा फिरवून तिची वाट लावतं. वीस वर्षं मी मुलांना विज्ञान शिकवलं, पण इतकं सोपं करून मला कधी सांगता आलं नाही.

त्याची खरी कमाल मात्र कानात होती. गाडीवाल्याला तो फक्त चावी फिरवायला सांगायचा. नुसतं 'टक' झालं आणि पुढे काही नाही, तर बॅटरी किंवा तारेची गडबड. मोटर 'भिर्रर्र' करून मोकळीच फिरली, तर लहान चाक घसरतंय. 'खर्रर्र' झालं, तर दाते झिजले. पान्याला हात लावायच्या आधीच निदान तयार. आणि नेमके तेच कान जायला लागले. चाळिशीही पुरती ओलांडली नव्हती. आधी माझं बोलणं त्याला दोनदा सांगावं लागायचं, मग चावी फिरवल्यावर तो माझ्या तोंडाकडे बघायला लागला. एका संध्याकाळी दुकानात कोणी नसताना म्हणाला, "मले आता टक आयकू येत नाही रे." इतका घाबरलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. मी शहाणा! मी म्हटलं, "कोणाला सांगू नको. गिऱ्हाईक एक राहायचं नाही. मी आहे ना." तेव्हापासून मी बाकावर वह्या तपासायच्या निमित्ताने बसायचो आणि त्याला खूण करायचो: 'टक'ला एक बोट, 'भिर्र'ला दोन, 'खर्र'ला मूठ. मी येईपर्यंत तो चावी फिरवायची कामं मागे ठेवायचा. चार वर्षं आम्ही हे नाटक केलं, आणि खरं सांगतो, मला ते फार आवडायचं. कोणाला आपल्यावाचून चालत नाही, यात एक सुख असतं.

एकदा बाजूने लॉरी गेली आणि मी चुकीची खूण केली. उत्तमने अख्खा सेल्फ खोलला, आणि दोष निघाला बॅटरीच्या ढिल्या तारेत. जीपवाला नाही नाही ते बोलला. उत्तम खाली मान घालून म्हणाला, "माही चूक झाली, भाऊ." माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

मग मला बढती मिळाली. हेडमास्तर, पण लांब, वांकडीच्या बाजूला. नको म्हणता आलं असतं. मी नको म्हटलं नाही. उत्तमला कागदावर लिहून दाखवलं, तर तो हसला. "जा ना बे. काऊन तोंड पाडून राह्यला?" त्याने मला थांब म्हटलं नाही, आणि तेच मला लागलं. पहिल्या महिन्यात दोनदा फोन केला. त्याला ऐकू येत नाही, वहिनी मधे. "ते बरे हायेत म्हणते." पुढे काय बोलायचं? दुकान बसलं असेल, ही भीती मनात घर करून राहिली. कामाने आदिलाबादला आलो तरी मावल्याच्या रस्त्याला मी पाय वळवला नाही. बसलेलं दुकान बघायची माझ्यात हिंमत नव्हती...

गेलो तो त्याला पोचवून तीन दिवस झाल्यावर. दुकान चांगलं दुप्पट मोठं झालेलं. दारावर मराठीत आणि तेलुगूत ठळक रंगवलेली पाटी: 'मालकाला ऐकू येत नाही. हाताने सांगा.' मी बघतच राहिलो. वहिनी म्हणाल्या, "तुमी गेले अन् आठ दिवसांत त्यायनं हे लिवलं. सेल्फवर हात ठेवून थरथरीवरून सारं वयखत होते. गिऱ्हाईक एक तुटलं नाही. दर दिवाळीले पाटी रंगवत, अन् म्हणत, मास्तर आला का वाचून हसंल."

"मला वाटलं, माझ्यावाचून त्याचं..."

"तुमच्यावाचून चाललं, मास्तर. पण वाट लय पाह्यली."

तेवढ्यात एक जीप थांबली. वयस्कर ड्रायव्हर उतरला आणि वहिनींसमोर येऊन उभा राहिला. त्याने छातीवर हात ठेवला, मग भराभर हातवारे करत बरंच काही सांगितलं. वहिनींनी डोळे पुसले आणि त्यांनीही हातांनीच उत्तर दिलं. मधेच दोघं कशावर तरी हसले. दोघांनाही चांगलं ऐकू येत होतं, पण त्या दुकानात बोलायची रीतच ती झाली होती. मी दोघांच्या मधे बाकावर बसलो होतो, आणि मला त्यातलं अक्षरही कळलं नाही.