चार बोटांचा पवित्र पाय

माझा दादा गवंडी होता. गेल्या महिन्यात गेला. एका बाईंच्या बाथरूमची फरशी अर्धी बसवून झाली होती, छातीत कळ आली म्हणून भिंतीला टेकून बसला, तो बसलाच. त्या बाई माणुसकीने भेटायला आल्या आणि विचारतात काय, उरलेली अर्धी आता कोण बसवणार? मी म्हटलं, थांबा, त्याला उठवून विचारते.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलते. दादाने बांधलेली भिंत सरळ असायची. बाकी सगळं वाकडं. आज येतो म्हणायचा आणि परवा उगवायचा. वर खोड अशी की दोन थर रचले की चार पावलं मागे सरायचा, एक डोळा मिटायचा, मान तिरकी करायचा आणि बघत राहायचा, जसा काही राजवाडाच बांधलाय. वहिनी म्हणायची, "माझ्याकडे कधी एवढं बघितलं नाही." दादा म्हणायचा, "तुला मी बांधली असती तर बघितलं असतं."

काम अनवाणीच करायचा. सिमेंट बूट खातं, पाय फुकटचे आहेत, म्हणायचा. उजव्या पायाची करंगळी तरुणपणीच दगडाखाली गेलेली. संध्याकाळी दारात आला की आतून वहिनीची हाक, "आधी पाय!" तीस वर्षं नवऱ्याशी रोजचा पहिला शब्द हाच. पाय धुवून दादा आत यायचा आणि तरी लादीवर चार बोटांचे ठसे उमटायचेच.

आता मुद्द्याचं. बसच्या शेवटच्या थांब्यावर उतरलं की समुद्राच्या कडेने तासभर पायवाट आहे. खडक, वारा, आणि वाटेच्या टोकाला चॅपेल. चॅपेल म्हणजे चर्चचं पिल्लू समजा, आत सहा बाकं मावतात. बावीस वर्षांपूर्वी त्याची वरची पायरी फुटली म्हणून फादरनी दादाला बोलावलं. त्याचा डबा घेऊन मी गेले होते, त्यामुळे हे डोळ्यांनी बघितलेलं सांगतेय. पायरी आरशासारखी केली त्याने. मग बाजूला उभं राहून दाराच्या चौकटीची फट बुजवली आणि चौकट कशी दिसते ते बघायला नेहमीसारखा मागे सरला. खपकन उजवा पाय ओल्या पायरीत!

"आता जेवून घेतो, मग पुसतो," म्हणाला. जेवला. भिंतीच्या सावलीत आडवा झाला. उठला तेव्हा पायरी दगड झाली होती.

दुसऱ्या दिवशी फादरनी विचारलं, "हे काय रे?" दादा हात जोडून म्हणाला, "मला काय माहीत, फादर? मी गेलो तेव्हा गुळगुळीत होतं."

बस, तेवढंच. पुढचं लोकांनी केलं. दारात मेणबत्त्या विकणारी बाई आहे, तिने आधी सुरुवात केली. म्हणे वादळात बुडणाऱ्या कोळ्यांना वाचवायला कुणी संत पाण्यावरून चालत आला आणि पहिलं पाऊल इथे टेकलं. करंगळी कुठंय? ती वाटेत माशाने खाल्ली. पाच वर्षांत लोकांचे गुडघे बरे व्हायला लागले. त्या ठशात दादाचा पाय कुणाला दिसला नाही. गवंड्याची भिंत बघतात, पाय कोण बघतो?

रविवारी दादा मला घेऊन मुद्दाम तिथवर चालत जायचा. कुणी वाकून ठशाचं चुंबन घेतलं की माझ्या कानात म्हणायचा, "सांगू का त्यांना, त्या दिवशी येताना शेणात पाय पडला होता?" मी हसून हसून खोकायचे. सगळे गेले की ठशात माझा पाय घालून बघायचे. दोन बोटं जागा उरायची.

दादाला जाऊन दोन आठवडे झाले आणि चॅपेलची दुरुस्ती निघाली. कमिटीचा अध्यक्ष हार्डवेअरवाला. त्याला पायऱ्या फोडून ग्रॅनाइट घालायचं होतं, ग्रॅनाइट अर्थात त्याच्याच दुकानातलं. भाविक आडवे आले. मग ठरलं की पायरी करणाऱ्या गवंड्याच्या घरच्यांना विचारायचं. ठसा खोटा निघाला तर फोडायचा, खरा असेल तर वर काच.

वहिनीला आणि मला बोलावलं. मी तोंडाची फटकळ, सगळ्यांना माहीत आहे, खोटं मला पचत नाही. पण घरात दादाचं उरलं काय होतं? एक थापी, एक ओळंबा आणि लग्नातला एक फोटो, त्यातही कुणाच्या तरी डोक्याआड अर्धा तोंडवळा. खरं बोलले असते तर दुसऱ्या दिवशी त्याच्या पायावर हातोडा.

अध्यक्ष म्हणाला, "ताई, देवाला स्मरून सांगा. तुमचे भाऊ काय म्हणायचे?"

मी वहिनीकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती.

"तो म्हणायचा, मी गेलो तेव्हा गुळगुळीत होतं."

यातला एक शब्द खोटा असेल तर जीभ झडो. मेणबत्तीवाली रडायलाच लागली.

परवा काच बसली, आठ स्क्रू मारून. शेजारी पाटी आहे, त्यावर अध्यक्षाचं नाव, देणगीदारांची नावं, उद्घाटन केलेल्या साहेबांचं नाव. दादाचं नाही. म्हणून तर आता बिनधास्त लिहितेय. पाय खोटा म्हणायचं तर आधी ती पाटी उतरवावी लागेल. कुणाची छाती आहे?

काल वहिनीला घेऊन त्याच वाटेने गेले. सवयीने चप्पल काढली आणि मग लक्षात आलं की काच आहे, पाय आता आत जायचा नाही. उभी राहिले तशीच. वहिनी वाकली, रुमालाने काच पुसली, परत पुसली आणि मटकन पायरीवर बसली.

"आत माती राहिलीये," म्हणाली. "धुतला नाही ह्यांनी."

मेणबत्तीवाली ओरडली, "अहो बाई, उठा! तो पाय पवित्र आहे!"

"मला सांगू नका," वहिनी म्हणाली. "तीस वर्षं त्याच्या मागनं लादी पुसलीये मी."

मेणबत्तीवालीने छातीवर हात ठेवला. मला म्हणते, "काय भक्ती आहे हो यांची!"