मैनेचे दोन उस्ताद

कोंढा गावच्या सेवकरामचा बाप हातमागावर लुगडी विणायचा. सेवकराम मात्र विसाव्या वर्षी फौजेत गेला आणि नेमका घोड्यांच्या तबेल्यात जाऊन पडला. तिथं चोवीस वर्षं त्यानं ड्रेसाज केलं. म्हणजे घोड्याला गोल, तिरकं, आडवं असं मोजूनमापून चालवायचं, पण पाहणाऱ्याला वाटलं पाहिजे की घोडा आपल्याच मर्जीनं चालला आहे. पेन्शन घेऊन तो गावी आला, धानाच्या दोन बांध्या, म्हणजे बांध घातलेली खाचरं, कसू लागला. पण कुठं वरात दिसली की त्याची नजर नवरदेवाकडं न जाता घोडीच्या पायांकडं जायची.

एक दिवस कामिनी त्याचं घर विचारत आली. ही भंडाऱ्याच्या कापड व्यापाऱ्याची मुलगी. लग्नानंतर बारा वर्षं टेक्सासात राहिली आणि शेजारच्या रँचवर, म्हणजे गुरांच्या मोठ्या कुरणावर, काउबॉयांची घोडेस्वारी शिकली. परत आल्यावर वडिलांच्या अड्याळ रस्त्यावरच्या शेतात तिनं चार घोडे ठेवले होते. जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या क्वार्टरांतली पोरं रविवारी शिकायला येत.

"काकाजी, तुम्ही याल का शिकवायला?" तिनं विचारलं.

सेवकराम दुसऱ्याच दिवशी गेला. तिथली अमेरिकन खोगिरं पाहून तो थबकला. जाडजूड, रुंद, समोर धरायला मूठ.

"बाई, हे खोगीर हाय का आरामखुर्ची?"

कामिनी हसली. "बसून पाहा एकदा."

तो बसला नाही. फौजेतल्या माणसाला ते शोभणार नाही, असं त्याला वाटलं.

खरी पंचाईत मैनेची होती. मैना ही तुमसरच्या बँडवाल्याकडून घेतलेली वरातीची घोडी. लगाम जरा ताणला की नाक वर करायची, पाठ खचवायची आणि जागच्या जागी नाचू लागायची. सेवकरामनं दोन दिवस तिला दोन्ही हातांनी नीट धरून चालवलं. ती घामाघूम झाली आणि जास्तच नाचली. मग कामिनी बसली, एका हातात लगाम, तोही लोंबता. मैना नाचली नाही, पण घाईघाईनं पळत सुटली आणि उजव्या वळणावर खांदा टाकून आतल्या बाजूला कलंडायला लागली.

"तुम्ही तिचं तोंड सोडतच नाही, काकाजी," उतरल्यावर कामिनी म्हणाली.

"अन् तुमी तिले वाऱ्यावर सोडून देता," सेवकराम म्हणाला. पण बोल त्याच्या मनाला लागला होता.

जेवताना त्याचं ताटाकडं लक्ष नव्हतं. त्याच्या बायकोनं, कुसुमताईंनी, भात वाढता वाढता विचारलं, "काय झालं जी?"

"ते बाई म्हणते, मी घोडीचं तोंड सोडत नाही."

"मंग? खरं बोलली का खोटं?"

 सेवकरामला घोडदळातले त्याचे जुने रिसालदार आठवले. घोड्यानं मागितलेलं दिलं की त्याच क्षणी हात ढिला करा, हे त्यांनी त्याला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. पुढं परेडचे घोडे तयार करता करता धरून ठेवण्याचीच सवय जडली. मागणं तेवढं राहिलं, देणं विसरलं.

सकाळी तो शेतावर पोचला आणि म्हणाला, "बाई, ते आरामखुर्ची द्या बरं."

त्या खोगिरात त्याचे पाय लांब, सैल खाली लोंबले. ड्रेसाजमध्ये ज्या बैठकीसाठी त्यानं वर्षं घालवली, ती हीच. त्यानं मैनेला कुंपणालगत घेतलं. आतल्या पोटरीनं हलकंच दाबून तिचा खांदा आत वळवला, अंग वाकवलं. तिची मान मऊ झाली, तसा त्यानं लगाम पार सोडून दिला. मैना तीन पावलं चालली. मग तिनं मान खाली घातली आणि नाकातून लांब फुर्र केलं.

"आता थांबा," कुंपणाजवळून कामिनी हळूच म्हणाली. "काहीच मागू नका."

तो थांबला. मैनाही थांबली. नाचली नाही.

मग रोज सकाळी दोघांनी तिला वाटून घेतलं. वाक आणायचा सेवकरामनं, मोकळं चालवायचं कामिनीनं. कधी कधी दोघांत वादही होत, पण चहापुरते. दिवाळीपर्यंत मैना एका हातावर, मानेला लगाम नुसता टेकताच वळू लागली आणि बसणाऱ्यानं श्वास सोडला की उभी राहू लागली.

त्याच सुमारास कुसुमताई डबा घेऊन आल्या होत्या. कामिनीनं त्यांना घोडीवर बसायचा आग्रह केला. नाही नाही म्हणत त्यांनी साडीखाली कामिनीची पँट चढवली, पदर खोचला आणि त्या बसल्या. सेवकराम दोरी धरायला धावला.

"राहू द्या, काकाजी. मैना सांभाळते," कामिनी म्हणाली.

कुसुमताईंनी एक पुरा गोल घेतला, सावकाश, ताठ बसून. नवऱ्यासमोर येऊन त्यांनी श्वास सोडला. मैना उभी राहिली.

"तीस वर्सं झाली, तुमी घोडा घोडा करून राहिले," त्या म्हणाल्या. "काहून करता, ते आज समजलं."

 सेवकराम मैनेची मान थोपटत राहिला.

आता तो एका नव्या शिंगरावर मेहनत घेतो आहे. कुसुमताई दर गुरुवारी मैनेला शेताच्या बांधावरून, धुऱ्याधुऱ्यानं, बोडीपर्यंत नेतात, त्या छोट्या तळ्याचं पाणी पाजतात आणि तासाभरानं परततात. त्या दिवशी चहा सेवकराम मांडतो.