सहावा बोल्ट

मी इलेक्ट्रिशियन माणूस. दिवा लागला नाही तर कुठेतरी वायर सुटलेली असते, एवढंच मला कळतं. गावात कुणी 'बाहेरचं' काही सांगायला लागलं की मी उठून जायचो. खोटं कशाला बोलू, या पेजवरचे अनुभवसुद्धा मी वेळ घालवायला वाचायचो... आता माझाच लिहितोय.

आमचं गाव कापडे, तालुका पोलादपूर. मी महाडला भाड्याने राहतो, तिथल्याच एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सला आहे. तिचं नाव लिहीत नाही. माझा धाकटा भाऊ संतोषही तिथेच, माझ्या हाताखाली. मीच त्याला लावला होता. तो बायको, मुलगी आणि आईबरोबर कापड्याला राहायचा, रोज बाईकने यायचा.

आमच्या सॉल्व्हंट रूममध्ये साधे दिवे चालत नाहीत. हवेत पेट घेणारी वाफ असते, एक ठिणगी पुरते. तिथे फ्लेमप्रूफ फिटिंग लावतात. जाड ॲल्युमिनियमचा डबा, जाड काच आणि झाकणाला सहा बोल्ट. आत ठिणगी पडली तरी आग डब्याबाहेर येता कामा नये, हे त्याचं काम. पण त्यासाठी सहाच्या सहा बोल्ट घट्ट पाहिजेत. हे संतोषला मीच शिकवलं होतं. तो माझ्याहून काटेकोर निघाला. बोल्ट आवळून झाला की त्याच्या डोक्यावर पान्याच्या टोकाने एक बारीक आडवी रेघ ओढायचा. 'म्हणजे माझा हात लागलाय ते कळतं,' म्हणायचा. मी असलं काही करत नाही.

दोन वर्षांपूर्वीचा शनिवार. संतोष घराची कौलं चाळायला चार दिवस रजेवर होता. दाराजवळच्या फिटिंगचा दिवा बदलून मी झाकण लावत होतो. पाच बोल्ट बसले. सहाव्याच्या भोकातले आटे गेलेले, बोल्ट नुसता फिरत राहायचा. स्टोअर बंद झालं होतं. खरं तर त्या दिव्याची लाइन बंद ठेवून वर कळवायला हवं होतं. पण दिवा बंद तर रूम बंद, आणि शिफ्टवाले दारात उभे... मी तो बोल्ट खिशात टाकला आणि चेकलिस्टवर 'ठीक' लिहून सही केली. सोमवारी करू म्हटलं.

रविवारी प्लांट बंद असतो. सोमवारी माझी दुसरी शिफ्ट होती. संतोष सकाळी कापड्याहून थेट आला. गेटवरच्या रजिस्टरला नऊला त्याची सही आहे. सॉल्व्हंट रूममधल्या पंपाची तक्रार होती म्हणून तो सरळ तिकडेच गेला. दहा मिनिटांत भडका उडाला. आणखी दोघं भाजले, ते वाचले.

नवी मुंबईच्या हॉस्पिटलात तो दोन दिवस होता. फक्त डोळे दिसत होते. मी कान जवळ नेला तेव्हा म्हणाला, "दादा, आत कोण राह्यलं नाय ना?"

"नाय रे. सगळी बाहेर आली."

बोल्टचं त्याला सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. बुधवारी पहाटे तो गेला.

दिवसकार्य होईपर्यंत मी कापड्याला होतो. आई माझ्या पाठीवरून हात फिरवायची, मला तो हात सहन होत नव्हता. तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी प्लांट मॅनेजरसमोर जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. म्हटलं, पोलिसांना बोलवा.

जळालेलं सामान चौकशीसाठी एका खोलीत ठेवलं होतं, तिथे ते मला घेऊन गेले. दाराजवळचं फिटिंग टेबलावर होतं. बाहेरून काळं ठिक्कर. काच शाबूत.

झाकणाला सहा बोल्ट होते.

मी दोनदा मोजले. चौकशीला आलेल्या साहेबांनी माझ्यासमोर सहावा पाना लावून उघडला. जोर करावा लागला. भोकातले आटे नव्यासारखे. डबा आतून स्वच्छ, काजळीचा कण नाही. भडका या दिव्याने उडालाच नव्हता. ड्रममधून सॉल्व्हंट ओतताना स्थिर वीज तयार होते, ती जमिनीत उतरवणारी अर्थिंगची क्लिप लावलेली नव्हती, तिथे ठिणगी पडली होती.

पुसून पाहिलं तर पाच बोल्टांची डोकी साफ होती. सहाव्यावर बारीक आडवी रेघ.

घरी येऊन शनिवारचा शर्ट शोधला. खिशात माझा बोल्ट होता.

मी सगळ्यांना विचारलं. रविवारी कुणी आत गेलं नव्हतं, कुलूप सिक्युरिटीकडे. सोमवारी त्या दिव्याच्या कामाचं परमिट, म्हणजे लेखी परवानगी, निघालं नव्हतं. शिडी आमच्या वर्कशॉपमध्ये, वर्कशॉपची चावी माझ्याकडे. गेलेले आटे पुन्हा पाडायचे म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. आणि रविवारी संध्याकाळपर्यंत संतोष घरच्या छपरावर होता, अख्ख्या वाडीने बघितलाय. त्या बोल्टचं तर मी कुणाला बोललोच नव्हतो.

मॅनेजर म्हणाले, तुझी चूक धरता येत नाही, घरी जा. मला वाटलं होतं हे ऐकून ओझं उतरेल. खोटी सही तर माझीच होती ना...

महिन्याभराने मी हे सगळं संतोषच्या बायकोला सांगितलं, संगीताला. आई आणि पोर झोपाळ्यावर होत्या, ही पडवीत तांदूळ निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं शिव्या देईल, किंवा हात जोडेल. तिने सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला.

मग म्हणाली, "भावोजी, ज्यानं कोणी तो बोल्ट बसवला... त्याला ह्यांना बाहेर नाय काढता आलं?"

बोल्ट कुणी बसवला ते मला अजून कळलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर कुणाकडे असेल तर ते मला नको, तिला जाऊन सांगा. ती अजून विचारते.