समुद्रात बुडालेली गाडी आमच्याच गळ्यात?

बायांनो, आज मी लई खूश हाय. चुका काढू नका, माझी शाळा दुसरीतच सुटली.

आमच्या नातीला, सोनलला, पाहुण्यांची ने-आण करायला जुनी गाडी हवी होती. मोबाईलवर तिला एक आवडली. मालक पालीचा, म्हणून आज दोघी पालीला गेलो. रस्त्याने कंबर मोडली, ते राहू दे.

मालक दारात आला आणि मी ओळखलंच. गेल्या वर्षी ह्यानेच आमच्या दिवेआगरच्या किनाऱ्यावर, मी शहाळी विकते तिथं, गाडी नेली होती. "भरती येतेय, काढ रे बाबा," मी म्हटलं, तर म्हणाला, "म्हातारे, तू तुझी शहाळी विक." शेवटी गावच्या ट्रॅक्टरने ती पाण्यातून ओढली.

त्याने काय मला ओळखलं न्हाय. सोनलला सांगत होता, "ताई, गाडीने कधी चिखलसुद्धा बघितला नाही." ती विसार द्यायला निघाली. मी म्हटलं, थांब. गाडीतली पायाखालची चटई वर केली. पत्रा गंजलेला, कोपऱ्यात वाळू आणि एक शिंपली!

"ही पालीत मिळते का रे?"

त्याचं तोंड उतरलं. हळूच म्हणाला, "आजी, अजून तीन गिऱ्हाइकं यायचीत. त्यांना बोलू नका."

मग काय, त्याच्या फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसले आणि पान लावलं. तिघं येऊन, चटई उचलून परत जाईपर्यंत उठले न्हाय.

सोनल म्हणते, "आजी, एवढा सूड बरा नाही." तुम्ही असता तर उठला असतात?