चारुलता मॅडमची शिट्टी

चारुलता मॅडम आम्हाला मिळाल्या त्या बँकेच्या काउंटरवर. १९९३ साली आमच्या कॉलेजचे क्रीडाशिक्षक दिलीप सर स्पर्धेच्या प्रवेशाचा ड्राफ्ट काढायला सीबीडी बेलापूरच्या एका बँकेत गेले होते. फॉर्मवर 'बास्केटबॉल, मुली' असं वाचून काउंटरवरच्या बाई थबकल्या.

"कोच कोण आहे?"

"मीच. पण मला फक्त कॅरम येतो."

मागची रांग कुरकुरत होती, तेवढ्यात बाईंनी संध्याकाळी मैदानावर यायचं ठरवूनही टाकलं. सरांना कॅरमच येत होता, याबद्दल मी आजही देवाचे आभार मानते.

मॅडम नऊ वर्षं बँकेच्या संघातून खेळल्या होत्या. नोकरीच मुळी खेळासाठी मिळालेली. सकाळी सराव, दुपारी सहीपुरतं ऑफिस. मग गुडघा गेला आणि बेलापूरला बदली झाली. त्याबद्दल त्या कधी रडल्या नाहीत. आम्हालाही रडू द्यायच्या नाहीत, हे मात्र जरा जास्तच होतं.

मी दिघ्याची, कबड्डीतली. चढाई करायची, गडी शिवायचा आणि मधली रेषा ओलांडून घरी यायचं, हे अंगात मुरलेलं. बास्केटबॉलचं नेमकं उलटं. बॉल मधल्या रेषेपलीकडे नेला की परत मागे आणायचा नाही. आणलात तर शिट्टी, आणि बॉल समोरच्यांचा. मी बॉल घेऊन सुसाट जायची, आणि दोघी अंगावर आल्या की गर्रकन वळायची. लगेच फुर्रर्र!

"ईश्वरी, कुठे निघालीस?"

"घरी, मॅडम."

"तुझं घर आता तिकडे, बास्केटखाली."

वर्षभर हेच ऐकलं. वैताग यायचा. पण मी वळू नये म्हणून त्या दुखऱ्या गुडघ्याने रोज माझ्यामागे धावायच्या. दुसऱ्या वर्षी माझं वळणं थांबलं आणि आमचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचला. सामना हरलो, पण विद्यापीठाने मॅडमना मुलींच्या संघाच्या कोच म्हणून बोलावलं.

त्याच आठवड्यात बँकेचं पत्र आलं. संघात एक जागा रिकामी आहे, एक हंगाम खेळायला या. पुन्हा खेळलात तर धड चालताही येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. तरी मॅडम हरखल्या होत्या. मैदानावर येऊन त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि स्टुलावर ठेवली.

"विद्यापीठाला नाही म्हणून कळवते. एकदाच परत जाते गं. माझं घर आहे ते."

आमच्या संघातली हलिमा मुसमुसायला लागली. मला मात्र संताप आला. मी शिट्टी उचलली आणि जीव खाऊन वाजवली.

"मॅडम, तुमी रेषा ओलांडून मागे फिरताय!"

बोलून गेले आणि शिट्टी मुठीत लपवली. मॅडम स्टुलावर बसल्या. वाकून दुखरा गुडघा चोळू लागल्या. मान वर केली तेव्हा डोळे भरलेले होते. आम्ही त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं.

"तुझा निर्णय बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "बॉल समोरच्यांचा."

मग बँकेच्या पत्राच्या चार घड्या करून ते पर्समध्ये टाकलं आणि माझ्यापुढे हात केला.

"दे ती शिट्टी इकडे. थुंकीने भिजवलीस सगळी."