एकतीस मीटर चिखलाचा चार्ज

माझे मामा तेहतीस वर्षं चिखल राखत होते. हे कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात, आणि मग मामा वीटभट्टीवर होते का असं विचारतात. मामा संग्रहालयात होते. तळमजल्यावरच्या लांब बोळात, भिंतीला पाठ न टेकता स्टुलावर बसणं, ही त्यांची नोकरी.

त्या बोळाच्या भिंतीवर पृथ्वीचा जन्मापासूनचा इतिहास रंगवलेला आहे. बोळ साडेपंचेचाळीस मीटर लांब, आणि एक मीटर म्हणजे दहा कोटी वर्षं. हे ज्याने ठरवलं तो माणूस गणिताचा पक्का आणि व्यवहाराचा अगदीच कच्चा असणार. कारण आत शिरल्यावर पहिले साडेआठ मीटर नुसती आग आणि दगड. तिथे राखणदारच नाही, चोरण्यासारखं काही असेल तर ना! त्यापुढे एकतीस मीटर समुद्र, आणि चिखलावर साय धरावी तसे हिरवट सूक्ष्म जीव. ना डोळा, ना शेपूट. शेवटच्या सहा मीटरांत मात्र एकच झुंबड: मासे, झाडं, बेडूक, डायनासोर, हत्ती. माणूस सगळ्यात शेवटी, तीन मिलिमीटर. तो बाहेरच्या दाराच्या चौकटीला लागून आहे आणि दार उघडलं की त्यामागे झाकला जातो. दार दिवसभर उघडंच असतं.

माशांवर एक बाई होत्या, डायनासोरांवर एक गृहस्थ. मामांनी नोकरीला लागताना मासे मागितले होते. ‘तूर्तास चिखल घ्या,’ असं त्यांना सांगण्यात आलं, आणि ते तूर्तास कधी संपलंच नाही. मामी वैतागून म्हणायची, “लोकांचे नवरे वर चढले. आमचे एकपेशीय होते ते एकपेशीयच राहिले.”

बघायला येणारे लोक मामांसमोरून भराभरा निघून जायचे. त्यांचे प्रश्न दोनच: डायनासोर कुठे, आणि संडास कुठे. मामा दोघांनाही एकाच दिशेला हात दाखवायचे. लहानपणी आई कामावर असायची तेव्हा शाळा सुटल्यावर मला मामांकडे सोडलं जायचं. मी त्यांच्या डब्यातलं अर्धं खायचे आणि तिथेच लुडबुडत बसायचे. पुढे मी त्याच संग्रहालयाच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागले, आणि चारचौघांत मामांना ओळख दाखवणं टाळू लागले. खोटं कशाला बोलू, मला त्यांची लाज वाटायची.

एकदा सकाळी लवकर पोहोचले तर मामा बादलीत हात बुडवून भिंतीवर पाणी शिंपडत होते. मी जवळ जाऊन पाहिलं. भिंतीवरचं चित्र केव्हाच पोपडे सुटून गळून गेलं होतं. मागच्या नळाचं पाणी झिरपत होतं, आणि एकतीस मीटरभर दिसत होतं ते चक्क खरं शेवाळ होतं.

“मामा, हे जिवंत आहे!”

“मग? चित्रात तेच तर होतं.”

“अहो, तक्रार करायला हवी होती.”

“काय म्हणून करू? आमच्या विभागात जीव निर्माण झाला म्हणून?”

ऑफिसात आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण तिथे कुणी पाहतच नव्हतं. मीही कुणाला सांगितलं नाही.

मग नवे साहेब आले. पहिल्याच दिवशी त्यांनी अख्खा बोळ पायाखाली घातला आणि शेवटी दारापाशी थांबून विचारलं, “यात माणूस कुठाय?” मामांनी दार ओढून घेतलं आणि चौकटीजवळची रेघ दाखवली.

“आणि या रेघेत मी कुठे?”

“साहेब, तुमची वेळ अजून रंगाच्या जाडीतसुद्धा बसत नाही.”

बोलणं खरं होतं, पण साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आदेश तोंडी सांगितला आणि मी तो जसाच्या तसा टाइप केला: ‘चिखल विभागातील तीनशे दहा कोटी वर्षे अनावश्यक आढळल्याने आजपासून रद्द करण्यात येत आहेत. मोकळी होणारी जागा मानवास देण्यात यावी.’ खाली सही आणि शिक्का.

मामा तो कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आले.

“तू टाइप केलंस?”

“माझं कामच आहे ते, मामा.”

“वाचलंस का पण? अगं, आधी हवेत प्राणवायू नव्हताच. ह्या माझ्या चिखलातल्यांनी सोडला तो, बुडबुडा बुडबुडा करून. आधी सगळा समुद्रातल्या लोखंडाला गंज चढवण्यात गेला. तेव्हाच्या कितीतरी जिवांना तो विषासारखा बाधला. ते सगळं निस्तरल्यावर मग हे मासे आणि हत्ती. मधली वर्षं काढून टाकलीत तर त्यांनी श्वास काय कपाळाने घ्यायचा?”

मला त्यांची कणव आली, आणि आजूबाजूचे ऐकतायत म्हणून रागही आला. मी म्हटलं, “साहेबांना सांगा.” मामा म्हणाले, “सांगत नाही. लिहून देतो.”

आमच्याकडे नियम असा की कुठलाही विभाग बंद करायचा झाला तर राखणदाराने सामानाची यादी द्यायची, आणि चार्ज घेणाऱ्याने ‘मिळालं’ म्हणून सही करायची. पक्ष्यांचा विभाग बंद झाला तेव्हा घुबडाचा एक काचेचा डोळा सापडेना म्हणून फाइल दोन महिने अडून बसली होती. मामांनी यादी मला टाइप करायला दिली नाही, स्वतःच्या हाताने लिहिली. स्टूल एक, एक पाय हलतो. बादली एक. फडकं एक. गंज, जगभर. प्राणवायू, सगळा, स्थिती: वापरात. थांबून पाहणारे, एक, तपशील मागे.

साहेबांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि यादी मोठ्याने वाचून दाखवली. शेवटच्या ओळीवर ते हसले. “तेहतीस वर्षांत एकच माणूस थांबला? तरी विभाग हवाय?”

“हो,” मामा म्हणाले. “एक थांबला.”

सगळे हसले. मीही हसले.

“आणि हवा तर काय, आपोआप असते,” म्हणत साहेबांनी पेन उघडलं. पण यादीच्या फॉर्मवर खाली छापलेलंच असतं: वरील सामान कमी भरल्यास सही करणारा जबाबदार राहील. पेन तिथे अडलं. साहेबांनी श्वास रोखून धरलाय हे माशांच्या बाईंनी मला कोपर मारून दाखवलं. डायनासोरवाले मध्येच म्हणाले, “माझं काही जात नाही बुवा. माझे मेलेलेच आहेत.” मामा त्यांच्याकडे वळले. “मरेपर्यंत श्वास घेत होते ना?” डायनासोरवाल्यांचा चेहरा उतरला.

साहेब मात्र कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी पेन खिशाला लावलं. “तुम्ही एकतीस तारखेला रिटायर होताय. तोवर ही यादी घेऊन चिखल सांभाळायला कुणी तयार झालं, तर त्याला चार्ज द्या. विभाग राहील. नाही कुणी घेतला तर भिंत बेवारस, आणि मी तिला रंग लावणार.”

म्हणजे ज्या यादीने साहेबांना अडवलं तीच आता मामांच्या गळ्यात आली. सही करायला कोण धजावणार? माशांच्या बाई म्हणाल्या, “एखादं सिलिंडर असतं तर घेतलंही असतं हो. पण सगळा म्हणजे फारच झालं.” डायनासोरवाल्यांनी तर हातच झटकले. “माझ्याकडे आधीच एक अख्खी जात कमी भरली आहे. पुन्हा जबाबदारी नको.”

मी मामांना म्हटलं, “ती प्राणवायूची ओळ खोडा. कुणीही सही करील.”

“खोटी यादी देऊ? मग इतकी वर्षं मी राखलं काय, बादली?”

मला ‘तू घे’ असं ते एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाली ती मामी, फोनवर. “त्यांचं जेवण सुटलंय गं. तू का नाही घेत?” मी सांगितलं, मी टायपिस्ट आहे. त्याच आठवड्यात माझ्या मुख्य कार्यालयातल्या बदलीचा आदेश आला होता, पुढच्या महिन्यापासून, वातानुकूलित खोली, खिडकीजवळचं टेबल. चिखलाची राखणदारीण व्हायला मला वेड लागलं नव्हतं.

एकतीस तारखेला दुपारी रंगारी शिडी आणि पांढऱ्या रंगाचे डबे घेऊन बोळात येऊन बसला. मामांनी सकाळी रोजच्यासारखं पाणी शिंपडलं होतं. साहेबांनी मला बोलावून यादी दिली. त्यावर ‘घेणारा नाही’ असा शेरा लिहून ती फाइलला लावायची होती. मी बोळात मामांच्या शेजारीच उभी राहिले, उगाच, आणि पेन काढलं. कागद भिंतीवर धरावा तर ओला होणार, म्हणून तळहातावर घेतला. तो उलटा पडला.

मागे मामांच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: थांबून पाहणारी व्यक्ती एक. वय सात. नातं, भाची. साधारण अडीच महिने, रोज दुपारी. भिंतीला बोट लावून विचारलं, मामा, हे श्वास घेतं का? तेव्हा मला उत्तर आलं नाही. त्या दिवसापासून वाचायला लागलो.

मला यातलं काहीही आठवत नव्हतं. त्या भरल्या केबिनमध्ये मामा ‘एक थांबला’ म्हणाले होते आणि मी सगळ्यांबरोबर हसले होते, तेवढंच आठवत होतं. मला तिथेच रडू फुटलं. रंगाऱ्याने अवघडून तोंड फिरवलं.

मी कागद सुलटा केला आणि ‘मिळालं’च्या पुढे सही केली.

“नीट वाचलंस ना?” मामा घाबरून उठले. “कमी भरला तर तुझ्यावर येईल. आधी तपासून घे.”

मी नाक पुसलं आणि छाती भरून श्वास घेतला.

“बरोबर आहे,” मी म्हटलं.

मामांनी बादली माझ्या हातात दिली, आणि कुठल्या मीटरला पाणी जास्त लागतं ते दाखवायला ते पुढे चालू लागले.